बाई, तो खिळा अजून तिथेच आहे

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं, आणि घसा दाटून आल्यामुळे मी खरोखर दोनच शब्द बोलून खाली बसले. म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही येण्याआधी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, किल्ली मात्र हेडमास्तरांच्या खिशात. पोरं पुस्तकं फाडतात म्हणे. पोरांनी एकही फाडलं नाही हे खरं, पुष्कळशी कसरीनं खाल्ली. मुलं रमली म्हणून मी एक धडा दोन दिवस जास्त चालवला, तर टाचणवहीतली तारीख चुकली म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी मला वर्गासमोर झापलं. त्याच वर्षी एका प्रशिक्षणात 'मूल केंद्रस्थानी' या विषयावर चार तास ऐकून घेतलं. त्या चार तासांत आम्हा शिक्षकांना कुणी तोंड उघडू दिलं नाही.

मग तुम्ही मुख्याध्यापिका म्हणून आलात आणि पहिल्याच आठवड्यात किल्ली मागून घेतलीत. मला वाटलं, आता नुसता खिसा बदलणार. तुम्ही ती सुतळीत ओवलीत, हातोडी मागवलीत आणि तिसरीतल्या सगळ्यात बुटक्या मुलीला भिंतीशी उभं केलंत. "हात वर कर बघू." तिची बोटं पोचली तिथे खिळा ठोकलात, आणि जाता जाता मला म्हणालात, "तुमचं टाचण तुम्ही ठरवा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

बाई, डी.एड.ला मी हे सगळं पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. भाषाशिक्षणाचा अभ्यासक आन्री होलेकनं 1981 साली युरोप परिषदेसाठी लिहिलं की स्वायत्तता म्हणजे आपल्या शिकण्याची सूत्रं आपल्या हाती घेण्याची क्षमता. (स्वायत्ततेची व्याख्या घोकून पाठ केली, यातली गंमत तेव्हा कळली नाही.) डेन्मार्कची शिक्षिका लेनी डाम सत्तरच्या दशकात इंग्रजीला कंटाळलेल्या मुलांनाच विचारायची, आज काय करायचं, आणि ते त्यांना वहीत लिहायला लावायची. वाचून वाटलं होतं, डेन्मार्कात जमत असेल, तिथे आमचे साहेब नाहीत. स्वतःच धाकात असलेली बाई मुलांना मोकळीक कुठून देणार?

खिळा ठोकल्यावर मीही मुलांना वह्या दिल्या. 'आज मी काय करणार' आणि 'काय जमलं' एवढंच लिहायचं. पहिला आठवडा नुसता गोंधळ. एकानं तर कोंकणीत लिहिलं, 'आज हांव कांयच करचों ना.' (आज मी काहीच करणार नाही.) वही तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "निदान खरं लिहिलंय."

तोच मुलगा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी माटोळीची (गणपतीच्या वर रानफळं बांधतात त्या चौकटीची) यादी करायला बसला. आंबाडे, कवंडाळ, कांगलां, पुढे आणखी कितीतरी. मी म्हापशाची, माटोळीचं सामान बाजारातून आणणारी. कुठलं फळ झाडाचं आणि कुठलं वेलीचं, हे मला त्यानं शिकवलं. मराठीतल्या नावासाठी त्यानं शेजारी रकाना आखला आणि अडला, "बाई, मराठींत नांव ना जाल्यार?" मराठीत नाव नसलं तर? म्हटलं, तू ठेव. मग कपाटातून पुस्तकं काढून तो शब्द शोधत बसला. पानभर मराठी लिहिली त्यानं, कुणी न सांगता.

आपल्या गोव्यात भाषेवर बोलणाऱ्यांची कमी नाही. 1987 च्या राजभाषा कायद्यापासून कोंकणी-मराठीवर, 2011 पासून इंग्रजी माध्यमाच्या अनुदानावर किती सभा, किती मोर्चे झाले. मीही गेले आहे त्यांत. कपाटाची किल्ली कुणाच्या हाताला लागते, हा विषय मात्र एकाही भाषणात ऐकला नाही. ज्याच्या हाती थोडा अधिकार आला तो आधी कुलूप बघतो. तुम्ही बुटक्या मुलीचा हात बघितलात. साधी भली माणसं अशी असतात, आणि ती बदलून गेली की शाळेला कळतं.

नवे सर बरे आहेत, त्यांनी खिळ्याला हात लावलेला नाही. ती बुटकी मुलगी आता बरीच उंच झाली, किल्ली घ्यायला तिला हात ताणावा लागत नाही. सुतळी हात लागून काळी पडली होती, गेल्या सोमवारी मुलांनी आपणच बदलली.

आपली,
तिसरीची बाई