साहिरा काझमी यांचे ‘मूळ’ : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ८ मे २०२५ च्या सूचनापत्रातून अध्यापनासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या दूरचित्रवाणी मालिका वगळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात गेली एकोणीस वर्षे दूरचित्रवाणीसाठीचे लेखन आणि दिग्दर्शन शिकवते. गेल्या सत्रात मला वर्गाला एका मालिकेचा एक भाग दाखवायचा होता. मालिका १९८७ ची, कराचीत तयार झालेली ‘धूप किनारे’. तिची दिग्दर्शिका साहिरा काझमी, मुंबईत जन्मलेली. परवानगीसाठी मी विभागप्रमुखांकडे गेले, तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून पाकिस्तानी आशय थांबवण्यास सांगणाऱ्या आपल्या मंत्रालयाच्या सूचनापत्राची छापील प्रत काढली, ती पुन्हा एकदा वाचली आणि माझ्याकडे सरकवत म्हणाले, “मॅडम, ‘शिकवण्यासाठी चालेल’ असं यात कुठं लिहिलंय तेवढं दाखवा.” तसे त्यात लिहिलेले नाही. ‘शिकवण्यासाठी चालणार नाही’ असेही लिहिलेले नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. पण सरकारी कागद ज्याबद्दल गप्प असतो ते मनाईतच धरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि विभागप्रमुखांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. मी त्यांना दोष देत नाही. म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

ते सूचनापत्र कोणत्या दिवसांत निघाले याची मला पूर्ण जाणीव आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये सव्वीस माणसे मारली गेली, त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती आणि त्या सहांपैकी दोघे आमच्या पुण्याचे. त्या आठवड्यात या शहरात कोणालाही विचारले असते, तरी पाकिस्तानी मालिका, गाणी, चित्रपट सगळे बंद करा असेच उत्तर मिळाले असते. मीही तेच दिले असते. आपल्या मंत्रालयाने ओटीटी मंचांना आणि इतर माध्यमांना ‘पाकिस्तानात मूळ असलेला’ सर्व आशय तात्काळ थांबवण्यास सांगितले. पाकिस्तानी वाहिन्यांचा आजचा धंदा इथे चालू द्यावा अशी माझी मागणी नाही. माझा प्रश्न फक्त ‘मूळ’ या एका शब्दापाशी अडला आहे.

साहिरा काझमी यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. त्यांचे वडील म्हणजे हिंदी चित्रपटांचे देखणे नायक श्याम. मूळचे सियालकोटचे, रावळपिंडीत वाढलेले श्याम १९४९ मध्ये ‘दिल्लगी’त सुरैयासोबत झळकले, त्याच वर्षी ‘पतंगा’ आला आणि पुढच्या वर्षी नलिनी जयवंत आणि अशोककुमार यांच्यासह ‘समाधी’. या शेवटच्या दोन चित्रपटांचे संगीत आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्र यांचे. एप्रिल १९५१ मध्ये ‘शबिस्तान’चे चित्रीकरण चालू असताना श्याम घोड्यावरून पडले आणि गेले. मुलगी जेमतेम वर्षाची होती. त्यांची पत्नी मुमताज पुढे पाकिस्तानात गेली, आणि मुलगी तिथेच वाढली. आता आपल्या मंत्रालयाच्या दप्तरात वडील ‘राष्ट्रीय चित्रपट वारसा’ या रकान्यात येतात आणि मुलगी ‘पाकिस्तानात मूळ असलेला आशय’ या रकान्यात. दोन्ही रकाने एकाच मंत्रालयाचे आहेत.

साहिराबाई आधी अभिनेत्री म्हणून लोकांना ठाऊक झाल्या. १९७६ मध्ये पाकिस्तान टेलिव्हिजन (पीटीव्ही) या सरकारी वाहिनीची पहिली रंगीत मालिका म्हणून ‘परछाइयाँ’ आली. हेन्री जेम्स यांच्या कादंबरीवरून हसीना मोईन यांनी ती उर्दूत बेतली होती. त्यात साहिरा होत्या, त्यांचे पती राहत काझमीही होते. पुढे १९८० च्या सुमारास ‘तीसरा किनारा’ आली. अभिनेत्री म्हणून एवढे नाव झाल्यावर बहुतेक जण त्यावरच आयुष्य काढतात. त्या मात्र कॅमेऱ्याच्या मागे गेल्या आणि पीटीव्हीच्या कराची केंद्रात निर्मात्या झाल्या. पीटीव्हीत निर्माता हाच दिग्दर्शकही असे, हे इथे सांगायला हवे. श्रेयनामावलीत ‘प्रोड्यूसर’ दिसले की आपल्याकडचे विद्यार्थी पैसे घालणारा माणूस समजतात.

तो काळ लष्करशहा जनरल झिया-उल-हक यांचा होता. सरकारी वाहिनीवर दिसणाऱ्या बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी असा दंडक निघाला होता. मेहताब चन्ना या लोकप्रिय निवेदिकेने तो नाकारला आणि तिला पडद्यावरून जावे लागले. अशा वाहिनीसाठी साहिरा यांनी १९८७ मध्ये एक प्रेमकथा केली, ‘धूप किनारे’. लेखन पुन्हा हसीना मोईन यांचे. कराचीतले एक रुग्णालय, कामाशिवाय दुसरे काही न सुचणारे वरिष्ठ डॉक्टर अहमर, आणि नुकतीच नोकरीला लागलेली, खोडकर, कशालाच न बधणारी डॉक्टर झोया. अहमरच्या भूमिकेत दिग्दर्शिकेचे स्वतःचे पती होते आणि झोयाच्या भूमिकेत मरीना खान. आपल्या नवऱ्याला दुसरीच्या प्रेमात इतक्या निगुतीने पाडणारी दिग्दर्शिका दूरचित्रवाणीच्या इतिहासात क्वचितच असेल.

मला वर्गात दाखवायचे होते ते हे की, नायक-नायिकेने एकमेकांना स्पर्श करायचा नाही ही अट पाळून दिग्दर्शिकेने त्या दोघांतले अंतर कसे वापरले. रुग्णालयाचा व्हरांडा, टेबल, मधे उभा असलेला रुग्ण, पांढरे कोट : माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या या सगळ्या गोष्टी तिथे आपोआप हजर असतात, आणि त्या ओलांडून जाते ती फक्त नजर. पात्रे हळू बोलतात. एकमेकांची वाक्ये तोडतात. कोणी बोलून झाल्यावर कॅमेरा लगेच दुसऱ्याच्या तोंडावर उडी मारत नाही, ऐकणाऱ्यावर थांबतो. बदर खलील यांनी केलेली डॉक्टर शीना ही अहमरवर मुकाट्याने प्रेम करणारी बाई पाहावी. आजच्या कुठल्याही मालिकेत तिची खलनायिका झाली असती, तीन बाजूंनी तिच्या चेहऱ्यावर झूम झाला असता आणि वर ढोल वाजले असते. इथे तिला तिचे मौन मिळाले आहे आणि ते मौन अपमानाचे नाही. मालिकेचे नाव फैज अहमद फैज यांच्या कवितेतले, दिवस आणि रात्र जिथे भेटतात त्या वेळेचे. आपण तिला तिन्हीसांज म्हणतो, कातरवेळ म्हणतो. नय्यरा नूर यांच्या आवाजाने ती वेळ मालिकाभर रेंगाळत ठेवली आहे.

ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती मुलुंडला मामांकडे, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. कॅसेट कितव्या नकलेची नक्कल होती देव जाणे. पडद्याच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रेघांची पट्टी सतत थरथरत असे आणि मामी दर पंधरा मिनिटांनी उठून व्हीसीआरचे हेड साफ करायला लावायची. उर्दू निम्मी कळायची. दूरदर्शनवर त्याच काळात आपल्याही चांगल्या मालिका चालू होत्या, तरी कॅसेट संपेपर्यंत त्या घरात कोणी जेवायला उठले नाही.

१९९० मध्ये साहिरा यांनी ‘रोझी’ हे दूरचित्रवाणीसाठीचे दीर्घ नाटक केले. लेखन इम्रान अस्लम यांचे. काम न मिळणारा एक नट बाईच्या वेशात जातो आणि मग त्याला काम मिळते, अशी ही गोष्ट ‘टूट्सी’ या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली. मुख्य भूमिका मोईन अख्तर यांची. साडी नेसलेला पुरुष आपल्या रंगभूमीला नवा नाही. पण आपण त्याच्याकडे बहुधा हशासाठी पाहतो. मोईन अख्तर यांनी आवाज चिरका केला नाही, डोळे मिचकावले नाहीत, चालीची टिंगल केली नाही, आणि म्हणून ‘रोझी’ला कामाच्या जागी जे सोसावे लागते ते पाहताना हसणे मध्येच घशात अडकते. नटाकडून हा संयम काढून घेणे हे दिग्दर्शकाचे काम असते, आणि ते कसे होते हे पुस्तकातून शिकवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

त्यानंतरच्या दोन मालिका आपल्या खात्याच्या थेट कामाच्या आहेत. ‘आहट’मध्ये मुलगा हवा म्हणून एकामागून एक मुली होत जाणारे घर आहे आणि सानिया सईद मुख्य भूमिकेत आहेत, १९९३ च्या ‘निजात’चे लेखन असगर नदीम सय्यद यांचे. दोन्हींचा हेतू कुटुंबनियोजनाचा प्रचार हा होता. प्रचाराचे काम मनोरंजनातून कसे करावे, हा प्रश्न १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा आपल्या दूरदर्शनपुढेही होताच. उपदेश ऐकू न येता तो पोहोचावा कसा, हे आजही आपल्या मंत्रालयाला जाहिरातींच्या निविदा काढताना पडणारे कोडे असणार. शेजारच्या घरी ते कसे सोडवले गेले हे पाहू नये, असे कोणत्या सुरक्षेच्या दृष्टीने ठरते?

आणि तुलनेसाठी दूर जायची गरजही नाही. विजया मेहता यांनी १९९१ च्या सुमारास दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ केली, तीही रुग्णालयातलीच. विजयाबाईही आधी अभिनेत्री, मग दिग्दर्शिका. दोन शेजारी देश, दोन सरकारी वाहिन्या, दोन रुग्णालये, दोन अभिनेत्री-दिग्दर्शिका : माझ्या विषयाच्या शिक्षकाला याहून चांगला जोड शोधून सापडणार नाही. विजयाबाईंचे काम विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे, त्याचा अभिमान धरावा, असे मला वाटते; पण अभिमान शेजारी काहीतरी ठेवून पाहिल्यावरच पक्का होतो.

यात एक विनोदही आहे. ‘धूप किनारे’वरूनच २०११ साली सोनी वाहिनीने ‘कुछ तो लोग कहेंगे’ ही मालिका आणली. रुग्णालय कराचीतून लखनौला आले. डॉक्टरची भूमिका आधी मोहनीश बहल यांनी आणि पुढे शरद केळकर यांनी केली. ती मालिका भारतीय असल्यामुळे तिला आपल्या सूचनापत्राची बाधा नाही. म्हणजे रूपांतर मी वर्गात खुशाल लावू शकते. ते कशावरून केले हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र तोंडी उत्तर द्यायचे.

श्याम यांचे सर्वांत जवळचे मित्र उर्दू कथाकार सआदत हसन मंटो होते. फाळणीच्या दिवसांत दोघे मिळून रावळपिंडीहून आलेल्या निर्वासित शीख कुटुंबाची हकिगत ऐकत होते. बाहेर पडल्यावर मंटोंनी श्याम यांना विचारले, मी मुसलमान आहे, मला मारावेसे नाही का वाटत? श्याम म्हणाले, आत्ता नाही. पण ते ऐकत होतो तेव्हा मारू शकलो असतो. मंटोंनी हे लिहून ठेवले आहे आणि ते श्याम यांच्याविषयी कडवटपणाने नव्हे, तर अतोनात प्रेमाने लिहिले आहे. मी हा प्रसंग वर्गात संवादलेखनाचा नमुना म्हणून सांगते. त्यातल्या ‘ते ऐकत होतो तेव्हा’ या शब्दांना आणि ‘आत्ता नाही’ या शब्दांना सारखेच वजन आहे. एप्रिल-मे २०२५ मध्ये आपण सगळेच ते ऐकत होतो.

माझी मागणी लहान आहे. सूचनापत्र मागे घ्यावे असे मी म्हणत नाही. त्याला एक परिच्छेद जोडावा, की मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांत आणि संग्रहालयांत, तिकीट न लावता, अभ्यासासाठी दाखवल्या जाणाऱ्या जुन्या मालिकांना ते लागू नाही. जुने म्हणजे किती, हे आपण ठरवावे. २००० सालापूर्वीचे म्हटले तरी माझे काम होते. त्याचबरोबर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला साहिरा काझमी यांच्या मालिकांच्या चांगल्या प्रती अभ्यासासाठी ठेवण्याची मुभा द्यावी. रेघांच्या पट्ट्या असलेल्या नकलांवरून प्रकाशयोजना शिकवता येत नाही. यातून पाकिस्तानात एक रुपयाही जाणार नाही. प्रत मिळवण्यासाठी कोणाशी काय बोलावे लागेल आणि ते आज शक्य आहे की नाही, हे आपले अधिकारी माझ्यापेक्षा जास्त जाणतात. ते आज शक्य नसेल, तर परवानगी तरी कागदावर येऊ द्यावी.

पुढचे सत्र जूनमध्ये सुरू होते. अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या घटकापुढे मी ‘विजया मेहता आणि साहिरा काझमी : दोन रुग्णालये’ असे लिहून ठेवले आहे आणि विभागप्रमुखांनी त्यातल्या दुसऱ्या नावाभोवती पेन्सिलने गोल केला आहे. पेनने नाही, पेन्सिलने.

आपली विश्वासू,
दूरचित्रवाणी-लेखनाची एक शिक्षिका,
पुणे