ओव्हिएदोहून बंड्याला

ओव्हिएदो, अस्तुरियास
२९ जून २०२५

प्रिय बंड्या,

अनेक उत्तम आशीर्वाद. (मोठी बहीण आहे, हक्क आहे.)

आईकडून सगळं कळलं. पलीकडच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची माणसं घरी येऊन गेली, तू त्यांच्याकडून खेळावंस म्हणून पैशाचं बोलली, आणि त्या दिवसापासून आबा तुझ्याशी बोलत नाहीत. मीठ मागायचं तरी आईमार्फत मागतात म्हणे. गोव्याच्या क्लबच्या ट्रायलचं तू कुणाला धड सांगितलेलंच नाहीस. फोनवर तुझं "बघू" याच्यापुढे गाडं सरकत नाही, म्हणून पत्र. आबांनाही वाचून दाखव.

इथं गेला आठवडाभर गाव झोपलेलं नाही. आमचा इथला फुटबॉल क्लब, रेआल ओव्हिएदो, २४ वर्षांनी स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये गेला. "आमचा" लिहून गेले बघ, कोल्हापूरची असून! वर जायच्या फायनलच्या दोन मॅच; त्यातली पहिली मिरांदेस क्लबनं १-० अशी जिंकलेली. २१ तारखेला आपल्या मैदानावर दुसरी, तर त्यातही पहिला गोल त्यांचाच. मी ऑफिसातल्या पोरींबरोबर एका सिद्रेरियात बसले होते. म्हणजे सफरचंदाची दारू मिळते ते दुकान. बाटली डोक्यावर धरून खालच्या पेल्यात धार सोडतात. आईला हे वाक्य वाचू नकोस. तर सगळे गप्प. मग पेनल्टी मिळाली, आणि चेंडू घेऊन उभा राहिला सांती काझोर्ला. वय ४०, उंची जेमतेम साडेपाच फूट. सरळ आत टाकला. पुढं जादा वेळेत ३-१. रात्रभर प्लाझा द अमेरिकाच्या कारंज्यापाशी निळे झेंडे. शाहू स्टेडियमवर जिंकल्यावर आपली पेठ जशी मिरवते तशीच ही माणसं, फक्त गुलाल नाही.

आता हा काझोर्ला कोण, हे तुला माहीत असणार, लंडनच्या आर्सेनल क्लबचा म्हणून. पण आर्सेनल मधलं झालं. सुरुवात इथली. ओव्हिएदोच्या शेजारी ल्यानेरा म्हणून भाग आहे, तिथला हा पोरगा, जन्म १९८४ चा. ओव्हिएदोच्याच पोरांच्या संघात वाढला. २००३ साली क्लब कर्जात बुडाला, खेळाडूंचे पगार थकले. दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली घसरला आणि वर थकबाकीची शिक्षा म्हणून एकदम चौथ्या पायरीवर फेकला गेला. काझोर्ला १८ वर्षांचा. पहिल्या संघातून एकही मॅच खेळायच्या आत त्याला गाव सोडावं लागलं.

गेला तो विलारेआलला, फरश्या-टाइल्सच्या कारखान्यांचं छोटं शहर, पिवळी जर्सी. मधे एक वर्ष वेल्व्हाच्या रेक्रेआतिव्होकडून खेळला. हा स्पेनमधला सगळ्यात जुना क्लब, १८८९ चा, खाणीवाल्या इंग्रजांच्या वेळचा. परत आला आणि २००८ मध्ये विलारेआल चक्क लीगमध्ये दुसरा. त्याच उन्हाळ्यात स्पेननं युरो कप, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकला; इटलीविरुद्धच्या शूटआउटमध्ये यानं आपली पेनल्टी घातली होती. २०१० चा वर्ल्डकप मात्र दुखापतीनं गेला. २०१२ चा युरो कप पुन्हा मिळाला. मालागा, मग आर्सेनल. २०१४ ची इंग्लंडमधली एफए कप फायनल आठवते? हल सिटी क्लबविरुद्ध पहिल्या आठ मिनिटांत ०-२, आणि मग याची ती फ्रीकिक. तू घरात बादली लावून तीच मारायचास. खिडकीची काच आबांनी भरून दिली होती.

डावा पाय कुठला नि उजवा कुठला हे बघणाऱ्याला कळत नाही. कॉर्नर दोन्ही पायांनी मारतो. तुझ्या डाव्या पायाबद्दल मी काही बोलत नाही.

पुढचं आबांना सावकाश वाच. ऑक्टोबर २०१६ नंतर हा मैदानाबाहेरच गेला. घोट्याचं ऑपरेशन, जखम भरेना, परत ऑपरेशन, असं कितीतरी वेळा. आत जंतुसंसर्ग होऊन टाचेवरच्या शिरेचा (अकिलीस टेंडनचा) सुमारे ८ सेंटीमीटर भाग खाल्ला गेला होता. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान मान, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. शेवटी विटोरिया शहरातल्या डॉक्टरांनी पाय वाचवला. घोट्यावर लावायला कातडी घेतली डाव्या हातावरची, आणि तिथं मुलीच्या नावाचं गोंदण होतं. नावाचा एक तुकडा हातावर राहिला, एक पायावर गेला. मुलीचं नाव काय आहे सांग? इंडिया! आईला हे सांगितलं तेव्हा तिनं फोनवरच बोटं मोडली त्याच्यावरून.

२०१८ मध्ये विलारेआलनं त्याला परत घेतलं. जानेवारी २०१९ मध्ये रेआल माद्रिदला दोन गोल, आणि त्याच वर्षी पुन्हा स्पेनच्या संघात. मग कतार, तिथं स्पेनच्या संघातला जुना साथी झावी कोच. आणि २०२३ मध्ये, ३८ व्या वर्षी, ओव्हिएदो. फुकट खेळायची तयारी होती, पण लीगच्या नियमात फुकट बसत नाही. म्हणून नियमातला कमीत कमी पगार, आणि त्याच्या नावाच्या जर्सी विकतील त्यातले दहा टक्के पोरांच्या अकादमीला.

आबा म्हणतील, गेला तो गेलाच की वीस वर्षं. हो, गेला. पण २०१२ साली क्लब बंद पडायला आला, १०.७५ युरोला एक शेअर असे लोकांपुढे हात पसरले, तेव्हा काझोर्ला, माता, मिचू ही बाहेर नाव काढलेली इथलीच पोरं शेअर घ्यायला उभी राहिली. त्याला गद्दार म्हणणारं माणूस मला इथं भेटलेलं नाही.

आता तुझं. ही गोष्ट तुझ्या बाजूची आहे असं समजून लगेच उड्या मारू नकोस. काझोर्ला गाव सोडून गेला, पण हिहोनला नाही गेला. हिहोन इथून अर्ध्या तासावर, तिथला स्पोर्टिंग म्हणजे ओव्हिएदोचा जन्माचा वैरी. तिकडची लाल-पांढरी जर्सी घालून तो शहाण्णव कुळांचा उद्धार करून परत आला असता, तरी त्या पेनल्टीला कुणी एवढं ओरडलं नसतं. पलीकडची पेठ आपलं हिहोन आहे, बंड्या. रस्ता ओलांडून थोडे जास्त पैसे मिळतील, पण खेळ तोच, मैदान तेच, समोर तीच पोरं. त्यात तुझा खेळ काय वाढणार? गोव्याला रोज सराव मिळेल, चांगला कोच मिळेल, बेंचवर बसायचीही सवय होईल, आणि तुला तिची गरज आहे. आबांचा राग पैशावर आहे, जाण्यावर नाही, असं मला वाटतं. गोव्याचं त्यांना तू स्वतः सांग. आईला मध्ये घालू नकोस.

पुढच्या आठवड्यात इथं सेल लागतोय. बुटांचं माप कळव. आणि पावसाळी चिखलासाठी लांब स्टडचे घेऊ की आपल्या नेहमीच्या मैदानाचे, तेही त्यातच लिही.

तुझी,
ताई