क्लासला नाही म्हटलं, त्याबद्दल

परळ, मुंबई

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होतो. पण फोनवर बाबा "बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई जेवलास का विचारते. म्हणून पत्र.

क्लासवाल्यांनी शिकवायला बोलावलं होतं, त्यांना मी नाही म्हणून कळवलं. मागच्या सोमवारीच. पगार तिप्पट होता, आणि आईने ते अर्ध्या वाडीला सांगून झालंय, ठाऊक आहे मला. पण शाळेत राहून खाजगी शिकवणी घेता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच मनाई आहे. म्हणजे शाळा सोडावी लागली असती. वर क्लास दुपारी तीन ते रात्री नऊ. मग नाटकांचे लाइट्स करणंही गेलं असतं.

बाबा, तुम्ही गप्प झाला असाल. ब्याऐंशीच्या गिरणी संपाच्या वेळी मी जन्मलोही नव्हतो, पण आपल्या घरात अजून सगळं संपाआधी आणि संपानंतर असंच मोजतात. तशी वेळ येणार नाही. सुरुवातीला शिक्षण सेवक म्हणून महिना 8,000 मानधनावर काढले, 2023 ला त्याचे 18,000 झाले तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. आता पूर्ण वेतनश्रेणी आहे. घराचा हप्ता जातो, तुमच्या सुनेचाही पगार आहे. पावसाआधी कौलं बदलायची ती बदलणारच, त्यात काही कमी होणार नाही.

खरं कारण सांगू? परवा तालमीत दिव्याला लाल जिलेटिनचा कागद लावला आणि नायिकेची हिरवीगार नऊवारी काळी ठिक्कर पडली. दिग्दर्शक माझ्यावर ओरडला. मी मात्र खूश, कारण दुसऱ्या दिवशी नववीला प्रकाशाचाच धडा होता. तोच जिलेटिनचा तुकडा टॉर्चला बांधला, खिडक्यांना चादरी लावल्या आणि कढीपत्त्याची डहाळी धरली. पानं काळी! मग समजावलं की हिरवं पान लाल प्रकाश गिळून टाकतं, परत पाठवायला त्याच्याकडे काही उरत नाही. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात तोंड न उघडलेली, म्हणाली, "सर, मग अंधारात पानाला रंग असतो का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. क्लासमध्ये असा प्रश्न आला असता तर "पेपरात येत नाही" म्हणून पुढे जावं लागलं असतं.

आणि बाबा, अभिनेत्री सुलभा देशपांडे आधी छबिलदास शाळेत शिक्षिकाच होत्या की. दिवसा शाळा आणि रात्री नाटक ही काही माझीच खुळं नाहीत. तुम्हीही पाळी संपवून दामोदर हॉलला तालमीला जायचात. तुमच्या खांद्यावर झोपून मी घरी यायचो, सदऱ्याला मेकअपच्या तेलाचा वास असायचा. (हॉल 2023 ला बंद झाला, सांगितलं होतं ना?)

जागरण होतं, हे आईचं बरोबर आहे. सकाळचं सत्र सातचं, म्हणून आता प्रयोग शुक्रवार-शनिवारचेच घेतो. डबा घरचाच नेतो. वडापाव आठवड्यातून एकदा. बरं, दोनदा.

आता तुमचं. बाबा, थेंब दिवसातून चार वेळा म्हणजे चार वेळा, आठवण होईल तेव्हा नाही. ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही, काळा चष्मा लावूनच अंगणात जायचं. आई, चुलीवर पाणी तापवणं बंद, धूर त्यांच्या डोळ्यांत जातो. गिझर शोभेला बसवलेला नाही. बिल मी भरतो. तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आजच सांग, लपवू नकोस. रागावून नाही लिहीत गं.

मेमध्ये तुतारी एक्सप्रेसने येतोय, पण दहाच दिवस. पुढे मुलांचं नाट्यशिबिर आहे. आंब्याची साठं घालायला मी येईपर्यंत थांबा, निदान शेवटचा घाणा तरी माझ्यासाठी ठेवा.

बाबांची पेटी माळ्यावरच आहे ना? भाता फाटला असेल तर इथे आणून शिवून घेतो, शिबिराला हवी आहे. मी आल्यावर काढू. तुम्ही माळ्यावर चढायचं नाही.

तुमचा,
धाकटा