रात्रीची पोळी सोडू नकोस

काटोल

चि. श्रद्धास अनेक आशीर्वाद.

रेशीमबागेच्या मैदानावर तुझा ८०० मीटरचा वेळ कमी होतोय, हे ऐकून फार आनंद झाला. भरतीतल्या पळण्याचं तुझे सर सांगतीलच. मला दुसरंच लिहायचं आहे. शेजारी मैत्रिणी असताना फोनवर ते नीट बोलणं होत नाही.

वजन उतरलं की वेळ सुधारतो असं कोणीतरी म्हणालं आणि तू रात्रीची पोळी सोडलीस. मला हे अजिबात पटलेलं नाही. धावण्याच्या मानानं खाणं कमी पडलं तर मुलीची पाळी थांबू शकते. काहीजणी त्याला कडक सरावाची खूण समजतात. तसं नाही, बेटा. हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं विरळ होतात. हाडांचा साठा तिशीपर्यंतच भरून घ्यायचा असतो. धावताना बसणाऱ्या दणक्यानं हाड बळकट होतं, पण पोटात पुरेसं अन्न असेल तरच. नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर पट्टी बांधून पळू नकोस. हाडाला बारीक चीर असू शकते.

पाळी चुकली तर आईला सांग, नाहीतर मला सांग. संकोच नको. मी येऊन डॉक्टरकडे नेईन.

हिमोग्लोबिनही तपासून घे. बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा मुळातच कमी, त्यात दर महिन्याला रक्त जातं. १२ च्या खाली असेल तर सराव करूनही दम लागत राहील. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. संत्र्यानं लागतं. काकासोबत पेटी पाठवतोय, जेवताना खा, मैत्रिणींनाही दे. आईनं जवसाची चटणीही दिली आहे.

नेमानं धावलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि बसल्या जागी कमी ठोक्यांत भागतं, म्हणून सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजत जा. काही आठवड्यांत आकडा उतरलेला दिसेल. वजनकाट्यापेक्षा मला तो आकडा मोलाचा वाटतो.

मुलींना हे झेपत नाही म्हणणारे गावात आहेत. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका हेच ८०० मीटर धावल्या, आणि त्यांना झेपत नाही असं ठरवून ही शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली होती. तू मनावर घेऊ नकोस.

होळीनंतर ऊन तापेल, तेव्हा उजाडताच सराव उरकत जा. मेसचे जास्तीचे पैसे पाठवले आहेत. रिपोर्ट आला की कळव.

तुझे बाबा