गळीत हंगामाआधी एक बैठक लावा

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी साखरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. गेल्या उन्हाळ्यात आमचा कचरा डेपो पुन्हा पेटला. चार दिवस धुमसत होता. दोरीवरच्या कपड्यांनाही धुराचा वास. आम्ही घरी ओला-सुका वेगळा करतो आणि घंटागाडीत तो पुन्हा एक होतो. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो.

डेपोवरून कारखान्याची चिमणी दिसते. टनभर ऊस गाळला की ३० ते ४० किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळी-चोथ्याची घाण, निघतो. त्यापासून बायोगॅस होतो, पण प्रेसमड मिळतो हंगामापुरता. उघड्यावर साठवला की तापतो, कुजतो आणि गॅस वाया जातो. गावाचा ओला कचरा मात्र बारा महिने येतो, गोठ्यातलं शेणही. तिन्ही एकाच प्रकल्पात आली तर तो वर्षभर चालेल आणि उरलेलं खत उसालाच जाईल. कारखाना, दूध संघ, नगरपरिषद, भोवतालच्या ग्रामपंचायती, सगळे हाकेच्या अंतरावर आहेत. कारखान्याचे आणि दूध संघाचे बरेचसे सभासद तर तेच शेतकरी. तरी या प्रश्नावर हे सगळे एकत्र बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

२ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ या राज्याच्या पर्यावरण अभियानाने स्थानिक संस्थांना कामाला लावलं, हे मनापासून मान्य. पण क्रमवारी लागते ती एकेका संस्थेची. साहेब, शेजारच्यांना सोबत घेऊन उभारलेल्या प्रकल्पांसाठी त्यात वेगळा गट ठेवा. सोबत कराराचा नमुनाही द्या: कचरा कोण आणणार, गॅस कोण घेणार, खताचे पैसे कुणाचे. पुण्यात महापालिकेने २००८ मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी असाच लेखी करार केला, म्हणून ते काम उभं राहिलं. आमच्याकडे वर्गीकरणाचं काम बचत गटांतल्या बायका करतील, फक्त मजुरी वेळेवर मिळावी.

पहिली बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी, आणि ती यंदाचं गाळप सुरू होण्याआधी. आमच्या गल्लीतल्या बायकांनी महिनाभर रोजचा ओला कचरा तागडीत मोजून वहीत लिहून ठेवला आहे. बैठकीला ती वही घेऊन येऊ.

आपली,
एक नागरिक