बरे झालेल्यांनी मनोरुग्णालयातच का राहायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांची चर्चा बहुधा खाटा, इमारती आणि रिक्त पदे यांच्यापुरतीच होते. उपचार संपूनही न्यायला कोणी येत नाही म्हणून तेथेच राहिलेल्या व्यक्तींचा विषय मात्र मागे पडतो. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १९ नुसार, कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारले किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही आणि ती सोय उभारण्याची जबाबदारी शासनाची आहे. प्रत्यक्षात अशा व्यक्तींना भिक्षेकरीगृहात वा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत बंद करा, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावे लागले. (आजारातून उठल्याचे हे बक्षीस विचित्रच!)

नातेवाइकांना दोष देणे सोपे आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी औषध नियमित मिळत नसेल, तर पुन्हा आजार बळावण्याच्या भीतीने ते मागे सरतात, हे समजून घ्यायला हवे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक उपयुक्त आहेच, पण फोनवरील समुपदेशनाने कोणाला राहायला खोली मिळत नाही. म्हणून प्रत्येक मनोरुग्णालयाने घरी जाण्यास योग्य ठरलेल्या व्यक्तींची संख्या, नावे न देता, दरवर्षी जाहीर करावी आणि पुनर्वसनगृहांसाठीची तरतूद त्या संख्येनुसारच अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवावी.

– एक वाचक, पुणे