मालवणच्या तांडेलकाकांना, त्यांनी दिलेल्या नकाराबद्दल

आदरणीय तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात मंगळवेढ्याहून आलेल्या, पोहता न येणाऱ्या आणि तरीही समुद्रात डोके घालून प्रवाळ पाहण्याचा हट्ट धरणाऱ्या भूगोलाच्या बाई आपल्या लक्षात असतील, अशी आशा आहे. आपले आणि होडीचे नाव कुठे लिहू नये, असे आपण निघताना बजावलेत, म्हणून हे पत्र नावाविना लिहिले आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, ज्या गोष्टीसाठी मी आपली ऋणी आहे, ती मालवणला जाणाऱ्या इतरांनाही आपापल्या होडीवाल्याकडे मागता यावी.

ती गोष्ट म्हणजे आपला नकार. आम्ही दोघी मैत्रिणी दुपारी दीडच्या सुमारास जेटीवर पोहोचलो, तेव्हा आपली होडी रिकामी होती आणि आम्ही पैसे हातात घेऊनच उभ्या होतो. आपण पाण्याकडे नुसते पाहिलेत आणि म्हणालात, "वारो सुटलो. आता पाण्यात काय दिसाचा नाय. सकाळी येवा." बावीस वर्षे मी फळ्यावर खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांची आकृती काढत आले आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ही आकृती एखाद्याच्या दिवसभराच्या कमाईचा निर्णय करत असते, हे मात्र मला त्या जेटीवर कळले. त्याच वेळी दुसऱ्या होड्या भरून सुटत होत्या, आणि खरे सांगायचे तर मला आपला थोडा रागही आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मतलई वारा अजून चालू होता आणि किनाऱ्यालगतचे पाणी तेल ओतल्यासारखे सपाट होते. सिंधुदुर्गाचा तट उजळत होता. १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू झाले, हे मी मुलांना सांगते. त्याच्या पायथ्याशी पाण्याखाली काय आहे, हे कधीच सांगितले नव्हते.

डॉल्फिन दिसले तेव्हा आपण इंजिन बंद केलेत. काही वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका किनाऱ्यावर आम्ही डॉल्फिन पाहण्यासाठी गेलो होतो, त्या वेळी पाच-सहा होड्यांनी त्यांना घेरून पाठलाग केला होता, आणि पैसे वसूल झाल्याच्या आनंदात आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. आपण होडी तशीच वाहू दिलीत. आपल्या किनाऱ्याचा हा कुबडाचा डॉल्फिन उंच उड्या मारून करमणूक करणारा नाही. आधी लांबट चोच, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा लहानसा पर असे तो सावकाश दाखवतो आणि पुन्हा खाली जातो. तो उथळ पाण्यात, माणसांच्या अगदी जवळ राहतो, आणि जागतिक यादीत तो संकटग्रस्त ठरण्यामागे हेही एक कारण आहे. गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांपेक्षा आवाजाच्या प्रतिध्वनीचा आधार अधिक असल्यामुळे इंजिनांचा गोंगाट त्याला कसा भोवत असेल, याची कल्पना मला त्या शांततेतच आली. चार मोठे आणि एक पिल्लू, असे पाच जण आम्हाला दिसले. पिल्लाच्या श्वासाचा फुस्स असा आवाज ऐकू आला, तो इंजिन चालू असते तर ऐकू आला नसता.

पुढे आपण नांगर खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर न टाकता वाळू शोधून टाकलात. शेजारच्या होडीतून पावाचे तुकडे पडत होते आणि पट्टेरी माशांची त्यावर झुंबड उडाली होती; माझ्या मैत्रिणीनेही पाव मागितला, तेव्हा माशाला त्याचे खाणे शोधता येते, एवढेच आपण म्हणालात. मग माझी पाळी आली. लाइफ जॅकेट, तोंडात नळी, चष्म्याच्या काचेवर धुके धरू नये म्हणून आतून चोळलेली थुंकी (हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मुले सर्वांत जास्त हसली), आणि पहिल्याच मिनिटाला नाकातोंडात गेलेले खारे पाणी. मी रिंगला घट्ट धरून होडीकडे वळले होते. "बाईनू, घाबरू नकात," असे म्हणत आपण माझे मनगट धरलेत, आणि माझा श्वास नीट लागेपर्यंत काही न बोलता तसेच तरंगत राहिलात. ते किती वेळ चालले, मला ठाऊक नाही. तेवढा वेळ आपण घाई केली नाहीत, यासाठी मी आपले सर्वांत जास्त आभार मानते.

त्यानंतर जे दिसले, ते दूरदर्शनवरच्या रंगीत प्रवाळासारखे नव्हते. तपकिरी, हिरवट, गोलसर दगडांसारखे ते जीव होते, त्यांच्यावर बारीक नक्षी होती, मध्ये शेवाळ डुलत होते. पाय टेकवणार तोच आपण ओरडलात, "खडपार पाय ठेवू नकात, तां जिवंत आसा." प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर त्याच्यासाठी अन्न तयार करते, पाणी फार तापले की ते शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो, हे वाक्य मी किती वेळा लिहून दिले असेल! एका खडपाचा हातभर पांढरा भाग आपण बोटाने दाखवलात, तेव्हा ते वाक्य मला पहिल्यांदा समजले.

१९८७ साली इथले २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. परतीच्या वाटेवर आपण जाळ्यात अडकलेल्या कासवाची हकीकत सांगितलीत. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना २०१८ साली आली. आपण जाळे कापलेत ते त्याच्या कितीतरी आधी. ती हकीकतही आपण नुकसान मोजण्यासाठी नव्हे, तर कासव किती जड होते हे सांगण्यासाठी सांगितलीत.

कुडकुडणाऱ्या मला आपण होडीत पांघरायला दिलेली चादर नजरचुकीने माझ्यासोबत मंगळवेढ्याला आली. ती धुऊन, सोबत शेंगाचटणीची पुडी घालून पाठवत आहे. येत्या जानेवारीत आठवीची तीस मुले घेऊन येण्याचा विचार आहे. दिवस आम्ही कळवू. पाण्यात उतरायची वेळ आपण सांगाल ती, आणि आपण नाही म्हणालात तर मुले किल्ला पाहून परततील.

आपली कृतज्ञ,
मंगळवेढ्याच्या बाई